व्हिडिओ मिक्सरच्या पॅनलमधल्या आतल्या केबल बदलायच्या आहेत, सामान कोणतं घ्यावं?

पटवाला_अर्जुनी

राम राम मंडळी. गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, जिल्हा गोंदिया. धंदा म्हणाल तर शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा. दिवसा पट एलईडी वॉलवर दाखवायचा, रात्री त्याच गावात नाटक असलं तर तेही तीन कॅमेऱ्यांवर घ्यायचं. मे २०२३ मध्ये बैलांच्या शर्यतींच्या बाजूनं सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हापासून पटाची कामं भरपूर येऊन राहिली, म्हणून एका बंद पडलेल्या स्टुडिओतला जुना मिक्सर घेतला. एक एम/ई, म्हणजे मिक्स-इफेक्टचा एकच संच, सोळा बटणांच्या ओळी, फ्रेम, म्हणजे चित्राचं काम करणारा डबा, वेगळी, बटणांचं पॅनल वेगळं. चित्र एक नंबर. फ्रेमची काहीच तक्रार नाही, रडगाणं आहे ते पॅनलचं.

होते असं की घरी चालू करून पाहिलं तर सगळं ठीक. पिकअपमध्ये टाकून गावात नेलं की उजवीकडची बटणं, म्हणजे अकरा ते सोळा, कधी ऐकतात, कधी नाही. एकटं बटण नाही बरं का, प्रोग्रॅम (वॉलवर चालू असलेलं चित्र) आणि प्रीव्ह्यू (पुढं घ्यायचं चित्र) दोन्ही ओळींतली तीच बटणं एकदम मरतात. टी-बार, म्हणजे एका चित्रावरून दुसऱ्यावर हळूहळू न्यायचा दांडा, त्याच्या खालच्या पत्र्यावर तळहात दाबून धरला की जिवंत होतात. पटात जोडी सुटली की काही सेकंदांत खेळ खलास, तेवढ्यात शेवटच्या रेषेवरचा कॅमेरा कट नाही झाला तर कमिटीवाले माइकवरूनच आपला उद्धार करतात. म्हणून आता एक पोरगा फक्त पत्रा दाबायला सोबत नेतो. त्याची रोजी वेगळी.

दुसरं, लॅम्प टेस्ट लावली, म्हणजे सगळ्या बटणांचे दिवे एकदम, तर डावीकडचे झकास आणि उजवीकडचे मंद, पिवळट. दुपारच्या उन्हात जास्त.

खोलून पाहिलं. बटणांचे तीन बोर्ड एका रांगेत आहेत. त्यांना जोडणाऱ्या राखाडी रिबन केबल, दोन २६ तारांच्या आणि एक ३४ ची. टी-बारकडं जाणारी पांढरी पातळ पट्टी, कॅमेऱ्याच्या पोटात असते ती. आणि पॉवरची लाल-काळी जोडी एका बोर्डावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. ३४ वाली रिबन पत्र्याच्या कडेवरून घडी घालून नेली आहे आणि घडीवर तिचं वरचं प्लास्टिक तडकलं. सगळे कनेक्टर काढून परत खोचले की दोन-तीन कार्यक्रम मस्त जातात, मंग पुन्हा तेच.

आमच्या इथला टीव्हीवाला म्हणते की कनेक्टर फेकून द्या, तारा सरळ बोर्डावर सोल्डर मारून देतो, जन्माची कटकट गेली. मला काही ते पटून नाही राहिलं. सगळ्या केबल बदलायच्या म्हटलं तर सामान कोणतं घ्यावं, नागपुरात मिळेल का, आणि ह्या रिबन घरी दाबून बनवता येतात का? भाऊबीजेपासून मंडया लागतात, त्याच्या आधी हे निपटायचं आहे.

साउंड_साकोली

भाऊ, आमच्या ऑडिओ मिक्सरचं असंच व्हायचं. गंज सोडवायचा स्प्रे येते ना, तो सगळ्या कनेक्टरांत मारला, फेडरमध्ये पण. चालून राहिलं अजून. केबलच्या भानगडीत पडू नका, एक काढायला जाल तर चार तुटतील.

कंट्रोलरूम_नागपूर

अर्जुनीवाले भाऊ, त्या सोल्डरवाल्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. साकोलीच्या भाऊंनाही हात जोडून सांगतो, गंजाचा स्प्रे नको. तो मागं तेलकट थर सोडतो आणि त्यावर पटाच्या मैदानातली धूळ बसते. टी-बारच्या आत तर मुळीच नको. दांडा एकसारखा सरकावा म्हणून तिथं दाट ग्रीस भरलेलं असते, ते धुऊन निघालं की दांडा ढिला. पुसायचंच असेल तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, आणि पूर्ण वाळल्याशिवाय करंट द्यायचा नाही.

माझी नोकरी सगळी कंट्रोलरूममध्ये गेली, त्यामुळं पॅनलची ही नाटकं ओळखीची आहेत. तुम्ही लिहिलेल्यात दोन गोष्टी मला सगळ्यात कामाच्या वाटल्या.

दोन्ही ओळींतली तीच बटणं एकदम मरतात, ही पहिली. पॅनलमध्ये प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते. बटणं जाळीत जोडलेली असतात. प्रोसेसर एकेक उभी रेघ जागी करतो आणि आडव्या रेघांवर काय दबलं ते वाचतो, हे सेकंदाला कितीतरी वेळा चालू असते. म्हणून एक तार गेली की बटणांचा गट जातो. एकटं बटण मेलं असतं तर मी केबलकडं पाहिलंच नसतं, ते बटणच झिजलेलं असते.

काढून खोचलं की काही दिवस बरं चालते, ही दुसरी. कनेक्टरातली पिन आणि तिला धरणारी पत्ती, दोन्हींवर कथील असते. पिकअपच्या हादऱ्यानं दोन्ही केसभर घासत राहतात. घासलं की ताजं कथील उघडं पडते, त्यावर ऑक्साइड धरते, आणि पुढच्या हादऱ्याला तोच चुरा मधे दाबला जातो. शेवटी धातू धातूला टेकेनासा होतो. तुम्ही काढून खोचता तेव्हा तो थर खरवडला जातो, म्हणून चालते. पण दर वेळी पत्तीची पकड थोडी कमी होते. म्हणजे तुमचा इलाज रोगालाच पोसून राहिला. कनेक्टर बदलल्याशिवाय सुटका नाही, आणि रिबनचा कनेक्टर बदलायचा तर रिबन नवी घेतलेलीच बरी.

पण मंद दिवे हा वेगळा आजार आहे. तो रिबनचा नाही, त्या लाल-काळ्या जोडीचा आहे. आधी तो धरा, कारण तिसऱ्या बोर्डाला व्होल्टेज कमी पोचत असेल तर तिथले चिप भरकटतात आणि तुम्ही नव्या रिबनला दोष देत बसाल. मीटर डीसीवर ठेवा, लॅम्प टेस्ट चालू ठेवा. दिवे बंद ठेवून मोजलं तर सगळं ठीकच दिसेल, भार पडल्यावरच खरं कळते. सप्लायच्या टोकाला ५ व्होल्ट किती आहेत ते पाहा, मग तिसऱ्या बोर्डावर. जुन्या ७४ सीरिजच्या चिपना किमान ४.७५ लागतात. मग मीटरची काळी सुई सप्लायच्या ग्राउंडवर, म्हणजे काळ्या तारेच्या टोकावर, आणि लाल सुई तिसऱ्या बोर्डाच्या ग्राउंडवर. दोन्ही ग्राउंडच, म्हणून लोक हे मोजतच नाहीत. मिलिव्होल्ट दहांच्या घरात आले तर चालून जाते, शेकड्यांत आले तर काळ्या तारेचा कनेक्टर गेला समजा. तो हाउसिंगमधून, म्हणजे प्लास्टिकच्या घरातून, काढून पाहा, पांढरं प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसेल.

आता रिबन. तारेपासून तारेचं अंतर १.२७ मिलिमीटर असते, म्हणजे २६ ची रिबन साधारण ३३ मिलिमीटर रुंद आणि ३४ ची ४३. कनेक्टरच्या पिना मात्र २.५४ वर, दोन रांगांत. दुकानात एवढं सांगितलं की पुरे, नागपुरात सीताबर्डीला विचारा, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कोणी येत असेल तर त्याच्या हातून मागवा. कनेक्टर घेताना वरची क्लिप असलेलाच घ्या. रिबन कनेक्टरावरून उलटी वळते आणि ती क्लिप तिला धरते, ओढ बसली तर क्लिपवर बसते, तारेवर नाही. तुमच्यासारख्या फिरत्या कामाला ती नसेल तर सगळी मेहनत वाया.

घरी दाबता येते, जरूर. कनेक्टरात प्रत्येक तारेसाठी दोन दातांचा काटा असतो, तो प्लास्टिक चिरून तांब्याला दोन्हीकडून आवळतो. म्हणून दाब सगळीकडं एकाच वेळी, सारखा बसला पाहिजे. पक्कडनं एका बाजूनं दाबत गेलात तर अर्ध्या तारा नीट चिरल्या जातात आणि अर्ध्या नुसत्या चेपतात, आणि मीटरवर दोन्ही ठीकच दिसतात. बाकाचा व्हाइस घ्या, दोन्ही जबड्यांना सपाट लाकडी पट्टी लावा, हळूहळू आवळा आणि कड् आवाज आला की थांबा. रिबन धारदार कटरनं काटकोनात कापलेली पाहिजे. आणि एकदा दाबलेला कनेक्टर सोडवून दुसऱ्या रिबनवर लावायचा नाही, काटे पसरलेले असतात.

रिबनची लाल कड म्हणजे एक नंबरची तार, कनेक्टरवरचा छोटा त्रिकोण म्हणजे एक नंबरची पिन. त्रिकोण लाल कडेला आला की जोडणी बरोबरच होते, मग कनेक्टर रिबनच्या वरून दाबा की खालून. फरक एवढाच पडतो की रिबन कोणत्या बाजूनं बाहेर निघते. तुमच्या पॅनलमध्ये जागा कमी असणार, म्हणून जुनी केबल समोर ठेवूनच नवी दाबा. जुनी मीटरनं पिन ते पिन तपासून घ्या. काही जुन्या यंत्रांत एखादी तार मुद्दाम कापून ठेवलेली असते, ती तुटली समजून तुम्ही जोडून द्याल.

घडीचं म्हणाल तर रिबनला टोकदार घडी घालायचीच नाही, गोल वळण द्या. त्या पत्र्याच्या कडेला रबराची खाच असलेली पट्टी चढवा, गाडीच्या दाराला लावतात ती बारीक आली तरी चालेल.

थेट सोल्डरबद्दल एकच. बारीक तारांच्या जुडग्यात सोल्डर चढले की तेवढा भाग कडक होतो आणि हादऱ्यानं तार बरोबर त्या कडक भागाच्या काठावर तुटते. शिवाय पुढं एखादा बोर्ड बाहेर काढायचा झाला तर चौतीस तारा कापाल काय?

ऑनलाइन_पुसद

काकांनी लय बारकाईनं सांगितलं. फक्त मंद दिव्यांवर सोपा उपाय आहे. सप्लायमध्ये बारीक पेचाचं एक प्रीसेट असते, ते थोडं फिरवून ५ चे साडेपाच करा, शेवटपर्यंत पुरते. आणि अर्जुनीवाले भाऊ, उंदीर पाहून घ्या. आमचं सामान पावसाळाभर गोदामात होतं, धानाच्या पोत्यांशेजारी, तर पॅनलच्या मागच्या भोकातून आत शिरून केबलचं प्लास्टिक खाल्लं त्यांनी. भोकांना जाळी मारा.

कंट्रोलरूम_नागपूर

बाप्पा, साडेपाच नको! ७४ सीरिजला वरची मर्यादा ५.२५ ची आहे. तिसऱ्या बोर्डाला पुरावं म्हणून पेच फिरवाल तर पहिल्या बोर्डावरचे चिप मर्यादेबाहेर चालतील. आणि तो खराब कनेक्टर तापतच राहणार, तापला की आणखी खराब होणार. अर्जुनीवाले दुपारी जास्त त्रास होते म्हणतात तो त्यातलाच भाग. प्रीसेटला हात लावू नका. जाळीची गोष्ट मात्र सोळा आणे खरी.

पटवाला_अर्जुनी

काका, सांगितल्यापरमाणं मोजलं, लॅम्प टेस्ट चालू ठेवून. सप्लायवर ५.०२, तिसऱ्या बोर्डावर ४.६१. ग्राउंड ते ग्राउंड ०.२८. लाल ते लाल ०.१३. म्हणजे गेलेल्या ०.४१ पैकी जास्त वाटा काळ्या तारेचाच.

दुसऱ्या बोर्डावरचा पॉवरचा कनेक्टर काढला तर एका घराचं प्लास्टिक चहाच्या रंगाचं. आतली टर्मिनल, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची पत्ती, बाहेर काढली, तिची जीभ काळी पडली होती आणि चिमटीत धरली तर वाकली, स्प्रिंगच नाही राहिला. बोर्डावरची पिन पण काळपट. त्या पिनेच्या बुडाशी सोल्डरला बारीक गोल चीर आहे, भिंग लावल्याशिवाय दिसत नव्हती. बोटानं पिन हलवली की दिवे लुकलुकतात.

आता ह्या पिनेला नुसता सोल्डर गरम करू की पिनाच बदलू? तार जाड टाकू काय?

कंट्रोलरूम_नागपूर

पिना बदला, सगळा कनेक्टरच. काळ्या पिनेवर नवी टर्मिनल बसवली तर नवीही तशीच होणार. जुना सोल्डर पूर्ण उपसून काढा, नुसता वरून गरम केला तर चीर आतल्या आत तशीच राहते. बोर्डावरचा तांब्याचा गोल उचलला तर नाही ना, ते पाहा. टर्मिनल तारेला दाबायला क्रिंपिंगचं खरं हत्यार वापरा. तालुक्याला मोटारसायकलच्या वायरिंगवाल्याकडं असते, फक्त त्याला सांगा की दात एक तारेवर आणि एक प्लास्टिकवर, दोन्ही ठिकाणी दाबले पाहिजेत. वरून सोल्डर टाकू देऊ नका, त्याला सवय असते. तार पाऊण चौरस मिलिमीटरची, बारीक केसांची. त्याहून जाड टर्मिनलमध्ये मावायची नाही.

आणि तुमच्या पोराचा पत्रा दाबण्याचा खुलासा झाला. पत्रा दाबला की बोर्ड लवतो आणि ती चीर मिटते. बोर्डाखालचे स्क्रू मोजा, एखादा कमी असेल. मधल्या आधाराचा स्क्रू नसला की प्रत्येक बटण दाबताना बोर्ड खाली जातो आणि सगळी ओढ पिनांवर येते.

पटवाला_अर्जुनी

दोन स्क्रू नाहीतच! आधाराचे खांब आहेत, वर स्क्रू नाही. आधीच्या मालकानं खोलून परत लावताना गाळले असतील. पोराला सांगितलं, त्याची नोकरी गेली म्हणून तोंड पाडून बसला आहे.

पॉवरचं काम झालं. आता तिसऱ्या बोर्डावर ४.९३, ग्राउंड ते ग्राउंड ३० मिलिव्होल्ट. दिवे सगळे सारखे. बटणं पण घरी तरी मरून नाही राहिली, पण ३४ ची तडकलेली रिबन अजून तीच आहे, म्हणून भरवसा नाही.

अजून दोन गोष्टी. टी-बारची पांढरी पट्टी एका टोकाला थोडी चुरगळली आहे, तीही बदलून टाकतो म्हणतो. आणि २६ चं सामान मिळालं, ३४ चे कनेक्टर नाही मिळाले. आमच्या इथं एक सायबर कॅफे बंद झाला, त्याच्याकडं जुन्या कॉम्प्युटरांच्या केबलचा ढीग आहे. त्यात फ्लॉपीची ३४ ची दिसली. हार्डडिस्कची ४० वाली पण आहे, बारीक तारांची, तिच्यातल्या सहा तारा सोडून दिल्या तर?

कंट्रोलरूम_नागपूर

४० वाली बारीक तारांची ढिगातच राहू द्या. तिच्यात तारा ४० नाहीत, ८० आहेत, आणि जास्तीच्या सगळ्या कनेक्टरच्या आतच ग्राउंडला एकत्र जोडलेल्या असतात. तुमच्या पॅनलमध्ये त्या पिनांवर सिग्नल असेल तर तो सरळ ग्राउंडला जाईल.

फ्लॉपीवाली चालेल, पण नीट पाहून. तिला तीन कनेक्टर असतात. मदरबोर्डकडच्या टोकापासून मधल्या कनेक्टरपर्यंत ती सरळ असते. मधल्यापासून शेवटच्या ड्राइव्हपर्यंत दहा ते सोळा नंबरच्या तारा पिळून उलट्या केलेल्या असतात, डोळ्यांना दिसते ते. पिळाचा भाग कापून टाका, सरळ तुकडा वापरा. एखाद्या कनेक्टरचं एक भोक बंद केलेलं असते, तुमच्या बोर्डावर त्या जागी पिन असेल तर बसणार नाही, जोर लावू नका. लावण्याआधी चौतीसच्या चौतीस पिना मीटरनं, आणि शेजारच्या दोन तारा आपसात चिकटल्या नाहीत ना, तेही.

पांढरी पट्टी: आधी लॅच, म्हणजे पट्टी धरणारा कनेक्टरचा खटका, उघडा. काही वर उचलायचे असतात, काही बाहेर सरकवायचे. नखानं होते, पेचकस नको. दोन्ही टोकांची निळी पट्टी पाहा. दोन्हीकडं एकाच बाजूला असेल तर एक प्रकार, एकीकडं वर आणि एकीकडं खाली असेल तर उलटा प्रकार. मागवताना हे नाही सांगितलं तर हटकून चुकीची येते. पिनांमधलं अंतर ओळखायला पट्टीची रुंदी मोजा. २० पिनांची अर्ध्या मिलिमीटरवाली साडेदहा मिलिमीटर रुंद असते, एक मिलिमीटरवाली एकवीस. लांबी जुनीएवढीच घ्या. टी-बार नीट चालत असेल तर मात्र त्या पट्टीला आत्ता हात लावू नका. ते लॅच मोजक्या वेळा उघड-बंद करण्यासाठीच बनवलेले असतात. नवी पट्टी हातात आल्यावरच उघडा.

पटवाला_अर्जुनी

फ्लॉपीचा सरळ तुकडा जुन्या रिबनपेक्षा दोन बोटं आखूड भरते. पत्र्यावरून न नेता बोर्डाखालून सरळ नेली तर ताणून पोचते.

कंट्रोलरूम_नागपूर

ताणून नाही. बोर्ड तापला-थंडावला, गाडी उडाली, की ताण कनेक्टरवर. ती फक्त घरी तपासायला लावा, बटणं बरी चालली तर रिबनच दोषी होती हे तरी पक्कं होईल. पटाला नेण्याआधी ३४ चे दोन कनेक्टर आणि हातभर रिबन मागवून घ्या, जास्तीचे दोन सोबतच मागवा. अर्जुनीला नागपूरहून रोज कोणी ना कोणी येते, सामान खिशात मावते.

ऑनलाइन_पुसद

भाऊ, मी शुक्रवारी नागपुरात आहे. ३४ चे क्लिपवाले चार कनेक्टर घेऊन ठेवतो, कोणाच्या हाती पाठवायचे ते कळवा. काका, माझ्या पॅनलचं प्रीसेट मी मागंच फिरवून ठेवलं होतं. ते ५ वर परत आणताना भार लावून आणायचं की बिनभाराचं?

कंट्रोलरूम_नागपूर

भार लावून. सगळे दिवे चालू, पॅनल अर्धा तास तापलेलं, आणि मीटर सप्लायच्या टोकावर नाही, पहिल्या बोर्डावर.